मदत हवी आहे: शाळेमागे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, नववी-दहावीची मुलं

मास्तर_हिंगणघाट
शाळेमागच्या नाल्यात पंधरा दिवसांत १०० मिलीच्या एकवीस रिकाम्या बाटल्या निघाल्या, सोबत सर्दीच्या गोळ्यांची फोडलेली पाकिटं. चार-पाच पोट्टे आहेत. एक पहिल्या तासापासून पेंगतो, दुसऱ्याचा पाय सरळ पडत नाही. तोंडाला दारूचा वास नाही, म्हणून घरचे मानायलाच तयार नाहीत. हे नक्की काय आहे, शाळेत कोणी पडलं तर काय करायचं आणि तक्रार कुठे करायची, नीट सांगा.

औषधदुकान
सर, बाटल्या फेकू नका आणि धुऊ नका. आधी लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. वरचं मोठं नाव फसवतं, कारण त्याच नावाला एखादं अक्षर जोडून वेगळं औषध विकलं जातं.

'कोडीन फॉस्फेट' लिहिलं असेल तर ते अफूच्या घराण्यातलं. बहुतेक बाटल्यांत ५ मिलीत १० मिग्रॅ कोडीन आणि ४ मिग्रॅ क्लोरफेनिरामाइन (सर्दीवरचं, पेंग आणणारं औषध) असतं. ते शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, लेबलवर इशाऱ्याची लाल चौकट असते. चिठ्ठीशिवाय देता येत नाही. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवावं लागतं. हा नियम १ मार्च २०१४ पासून आहे. छोट्या गावातल्या किराणा दुकानाला साध्या घरगुती औषधांसाठी परवान्याची सूट असायची, पण कोडीन त्या सवलतीत कधीच नव्हतं.

'डेक्स्ट्रोमेथॉर्फन' (खोकला दाबणारं दुसरं औषध) असेल तर तेही चिठ्ठीचंच औषध, पण काउंटरवर सर्रास मिळतं. नुसतं अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असेल तर त्यात नशा नाही, मग पेंगण्याचं कारण दुसरीकडे शोधा. गोळ्यांच्या पाकिटावर पॅरासिटामॉल आहे का ते नक्की बघा. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते.

आरोग्यताई
डोळ्यांतल्या बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक आणि श्वास संथ, तर कोडीन. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, असंबद्ध बडबड, लघवी तुंबलेली, तर क्लोरफेनिरामाइन जास्त गेलंय. त्यात झटकेही येऊ शकतात. बुबुळं आडवी हिसके देत हलतात आणि पोरगं पाय फाकवून चालतं, ते डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं. बाटलीत दोन औषधं असतात म्हणून खुणा मिसळतात, तेव्हा निदान करत बसू नका.

पडलेल्या मुलाचा श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दहाच्या खाली असेल, ओठ-नखं निळसर असतील किंवा हाक मारून, खांदा दाबूनही जाग येत नसेल तर १०८. तोवर कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनळीत जाणार नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, कांदा हुंगवणं, कॉफी, दूध, काहीही नको. घशात खरखर करत घोरतोय याला झोप समजून बरेच जण सोडून देतात. श्वास अडतोय म्हणून तो आवाज येतो. श्वास थांबलाच तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबण्याची पद्धत तुम्हाला माहीत असेल तर छातीही दाबा. बाटली आणि पाकीट सोबत पाठवा.

दवाखान्यात नॅलोक्सोन (कोडीनवरचा उतारा) दिलं की मूल उठून बसतं आणि घरचे म्हणतात, चला घरी. नका नेऊ. नॅलोक्सोनचा असर कोडीनच्या आधी उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.

पॅरासिटामॉल जास्त गेलं तर पहिल्या दिवशी मूल ठणठणीत दिसू शकतं. यकृताचं नुकसान एक-दोन दिवसांनी कळतं. त्यावरचा उतारा एन-असिटिलसिस्टीन आठ तासांच्या आत दिला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. 'बरा दिसतोय' म्हणून थांबायचं नाही.

मास्तर_हिंगणघाट
लेबलं वाचली. सतरा बाटल्या कोडीनच्या, चार डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या. गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे. एका मुलाचे वडील म्हणतात, आठ दिवस खोलीत कोंडतो, आपोआप सुटेल. आणि पोलिसांत गेलो तर पोरावरच केस होईल का?

व्यसनमुक्ती_कार्यकर्ता
कोंडू नका हो. रोज घेणाऱ्याचं कोडीन बंद झालं की साधारण दिवसभराच्या आत नाक-डोळे गळणं, जांभया, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, रात्रभर तळमळ सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आठवडाभरात उतरतं. यात सहसा जीव जात नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होतं, आणि कोंडलेलं, घाबरलेलं पोरगं जिवाचं बरंवाईट करू शकतं. खरा धोका सुटल्यावर आहे. शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वीएवढंच प्यायलं तर श्वास थांबतो. वडिलांना हे मोजक्या शब्दांत सांगा, आईलाही सोबत बसवा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे न्या. डॉक्टर लक्षणांवर गोळ्या देतात, गरज पडली तर देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे तलफ आणि त्रास कमी करणारं औषध. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन, १४४१६ टेली-मानस, ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मुलाला विचारताना 'कोणी दिलं' हा प्रश्न पहिल्या दिवशी नको. 'किती दिवसांपासून, रोज की अधूनमधून, सोबत अजून काय' एवढं कळलं की डॉक्टरचं अर्धं काम होतं. झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत असेल तर श्वासाचा धोका कितीतरी वाढतो.

केसचं म्हणाल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ देणाऱ्यावर आहे. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय मुलाला अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पिणाऱ्या मुलाला मदतीची गरज आहे, त्यासाठी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर बोला.

औषधदुकान
तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, सहायक आयुक्त (औषधे) यांच्या नावानं लेखी द्या, टोल-फ्री १८००-२२२-३६५. प्रत्येक लेबलचा बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि कंपनीचं नाव वाचता येईल असा फोटो जोडा. बॅच नंबरच कामाचा आहे. कंपनीनं ती बॅच कोणत्या स्टॉकिस्टला (घाऊक विक्रेत्याला) दिली, त्यानं कोणत्या दुकानाला किती नग दिले, हे बिलांवरून निघतं. मग निरीक्षक त्या दुकानाचं एच-१ रजिस्टर त्या बिलांशी पडताळतो. तोवर संशयित दुकानाचं नाव गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, रातोरात माल हलतो.

बाटल्या कोरड्या कागदी पिशवीत ठेवा. सापडल्याची तारीख आणि जागा लिहा, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या दोघांच्या सह्या घ्या. तक्रारीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागून घ्या.

मास्तर_हिंगणघाट
पिशवी आजच बांधतो. वडिलांकडे संध्याकाळी जातो, मुलाच्या मामाला सोबत नेतो. बुधवारी जिल्हा रुग्णालय.

आरोग्यताई
बुधवारपर्यंत पोराला एकटं झोपू देऊ नका, आणि घरातली औषधं, फवारणीचे डबेही, कुलपात ठेवायला सांगा. रात्री श्वास मंद वाटला तर बुधवारची वाट बघू नका.