स्फोटतरंगाने कोडची पडताळणी : कोणता प्रश्न निवडावा?

धुळेकर_एमएस्सी : नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या सत्रात असून प्रकल्पासाठी आदर्श वायूचा द्विमितीय हायड्रोडायनॅमिक कोड (वायूचा प्रवाह संगणकावर सोडवणारा) स्वतः लिहिला आहे. ज्याचे नेमके उत्तर आधीच ठाऊक आहे, असा स्फोटतरंगाचा प्रश्न पडताळणीसाठी हवा आहे. हाताशी 8 जीबीचा लॅपटॉप आणि दोन आठवडे आहेत. नवीन खर्च शक्य नाही. सेडॉव्हचा प्रश्न (एका बिंदूत अचानक सोडलेल्या ऊर्जेतून पसरणारा तरंग) 0 ते 1 अशा चौकोनाच्या कोपऱ्यातून चालवून पाहिला, पण वेळ t = 1 होण्याआधीच तरंग ग्रिडबाहेर, म्हणजे गणितासाठी चौकटींत विभागलेल्या जागेबाहेर, जातो.

भुसावळ_जंक्शन : मी मागच्या वर्षी 64 जीबीचे वर्कस्टेशन घेतले आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. सेडॉव्हचा तरंग त्रिमितीयच करावा. 512 च्या घनाकार ग्रिडला पाच राशींच्या (घनता, वेगाचे तीन घटक, ऊर्जा) एका प्रतीसाठीच सुमारे 5.4 जीबी लागतात, त्यामुळे लॅपटॉपचा विचार सोडा. शिवाय मे महिन्याच्या दुपारी जळगावात तो तापून निम्म्या वेगाने चालतो, हा स्वानुभव आहे.

सातपुडा : प्रश्नकर्त्याने खर्च नको असे लिहिले आहे, ते कृपया वाचावे. माझा भरवसा नोहच्या 1987 च्या प्रश्नावर आहे, ज्यात थंड वायू केंद्राकडे धावून आपटतो. γ (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर) = 5/3 असता आघातामागची (तरंगाच्या तीव्र आघाडीमागची) घनता प्रतलीय मांडणीत 4, दंडगोलीय मांडणीत 16 आणि गोलीय मांडणीत 64 यायला हवी. केंद्राशी खोटी उष्णता साचून घनता कमी पडली, तर कोडचा दोष लपत नाही. माझ्या कोडचा तर पहिल्याच दिवशी उघडा पडला.

तापीकाठ : वुडवर्ड आणि कोलेला यांचा 1984 चा, दोन तरंगांच्या टकरीचा प्रश्न घ्या. नळीच्या तीन भागांत दाब 1000, 0.01 आणि 100; t = 0.038 ला थांबायचे. यातून सुटलेला कोड कुठेही टिकतो.

सातपुडा : पण त्याला नेमके उत्तर नाही, अतिसूक्ष्म ग्रिडशीच तुलना करावी लागते. प्रश्नात मागितले आहे ते हे नव्हे.

अमळनेरकर : ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ टेलरने 1945 च्या ट्रिनिटी स्फोटाच्या (पहिल्या अणुचाचणीच्या) छायाचित्रांवरून ऊर्जा काढली होती. त्याच छायाचित्रांशी तुलना केली, तर परीक्षकही प्रसन्न होतील.

तापीकाठ : ते वेगळे काम झाले. समीकरणे बरोबर सोडवली का, ही पडताळणी. बरोबर समीकरणे निवडली का, हे छायाचित्र सांगेल. तसेच श्रेय एकट्या टेलरचे नाही, सेडॉव्ह आणि फॉन नॉयमन यांनीही हे उत्तर स्वतंत्रपणे काढले होते.

रावेरची_केळी : वाद चालू राहू द्या, मी माझी फजिती सांगतो. गोलाचा अष्टमांशच ग्रिडवर घेतला होता, पण ऊर्जा मात्र संपूर्ण ओतली. त्रिज्या ऊर्जेच्या पंचमांश घाताने वाढते, म्हणून तरंग दीडपट पुढे गेला आणि मी तीन आठवडे आघात सोडवण्याच्या उपक्रियेत चूक शोधत बसलो. दुसरे असे, की सगळी ऊर्जा एकाच पेटीत (ग्रिडच्या एका चौकटीत) टाकली तर सुरुवातीला तरंग चौकोनी दिसतो. ती तीन-चार पेट्यांच्या त्रिज्येत पसरवावी. सभोवतालचा दाब शून्य न ठेवता 0.00001 च्या आसपास ठेवावा. आणि आधी एकमितीय गोलीय रूप चालवावे, हे उत्तम.

भुसावळ_जंक्शन : मीही तेच म्हणत होतो, गोलीयच करा. वर्कस्टेशन हप्त्यावरही मिळते.

धुळेकर_एमएस्सी : सर्वांचे आभार. माझा कोड द्विमितीय असल्याने मी गोलीय किंवा नोहकडे न जाता दंडगोलीय सेडॉव्हच ठेवला आहे. γ = 1.4, घनता 1 आणि ऊर्जा 0.311357 घेतल्यास t = 1 ला आघात 0.75 वर यायला हवा. रावेरच्या भाऊंची पोस्ट वाचून तपासले, तर चतुर्थांश ग्रिडवर मी संपूर्ण ऊर्जा टाकत होतो. त्रिज्या इथे ऊर्जेच्या चतुर्थांश घाताने बदलते, म्हणून ती 1.41 पट होऊन 1.06 वर जात होती. ऊर्जेला चारने भागल्यावर आघात जागेवर आला. 100, 200 आणि 400 पेट्यांवर घनतेची सरासरी त्रुटी प्रत्येक वेळी जवळपास निम्मी झाली. आघात असलेल्या प्रश्नात पहिल्या कोटीचीच (पेट्या दुप्पट केल्या की त्रुटी निम्मी) अपेक्षा होती. घनतेचे शिखर मात्र अजून नेमक्या उत्तरातल्या 6 पर्यंत पोहोचलेले नाही. 800 पेट्यांची धाव आज रात्री लावतो, रात्री लॅपटॉप कमी तापतो.