एक तास फुकट झोप? कोणाला?

एडिसनची_ताई: आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीत. इथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात (उन्हाळी वेळ) आणि नोव्हेंबरात परत मागे (हिवाळी). काल या ग्रुपवर एकाने लिहिलं, "नोव्हेंबरात घड्याळ मागे जातं, एक तास झोप फुकट मिळते, तरी लोकांची रड आहेच." वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहितेय. माझ्या घरात दोन वर्षांचं पोर आहे, त्याला घड्याळ कळत नाही, रोज सहाला उठणारा त्या रविवारपासून पाचला उठून बसतो आणि पुढे आठवडाभर तेच. नवरात्र, मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम, मुलीच्या नाटकाच्या तालमी, हॅलोविन, फराळ, या सगळ्यातून जरा टेकावं म्हटलं की हे. २०२४ ला तर भाऊबीज नेमकी त्याच रविवारी आली, ३ नोव्हेंबरला. सांगलीत दादा साडेसहाला टोपी घालून पाटावर बसला, समोर तांब्याला फोन टेकवून. तिकडचे साडेसहा म्हणजे आमचे सकाळचे नऊ हे डोक्यात पक्कं, पण रात्रीतून घड्याळ मागे जाऊन आमच्या नऊचे आठ झाले होते. मी नऊला निरांजन लावून कॉल केला तर तिकडे साडेसात, आणि त्याची रात्रीची गाडी. दोन मिनिटांत ओवाळणं उरकलं. फोन ठेवल्यावर रडले मी.

जर्सीचा_जुना: ताई, वाईट वाटलं, पण यात घड्याळाचा काय दोष? २००७ पासून ठरलेलं आहे, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड असतो म्हणून ऑफिसनंतर आमचं क्रिकेट होतं. आणि हिवाळ्यात मागे नेलं नाही तर जानेवारीत सूर्य सव्वाआठनंतर उगवेल, पोरं अंधारात बसची वाट बघत उभी. १९७४ ला करून पाहिलंय हे, जानेवारीत सुरू केलं, पालक चिडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गुंडाळावं लागलं.

हिंजवडीवाला: तुमच्या झोपेचं चाललंय, आमच्या संध्याकाळचं कोण बोलणार? घड्याळ तुमचं फिरतं आणि तुमच्या ऑफिसशी असलेला आमचा साडेसहाचा कॉल साडेसातला जातो, मार्चपर्यंत. आईला रात्री साडेआठला इन्शुलिन लागतं, ते मीच देतो. कॉल लांबला की ती न जेवता बसून राहते.

जर्सीचा_जुना: आम्ही काय मुद्दाम करतो का? तुमच्यासाठी आम्हीही कितीदा सकाळी सातला बसलोय.

हिंजवडीवाला: मुद्दाम नाही, पण कधी विचारलंत? नवीन वेळेचं इन्व्हाइट येतं, संपलं. तुमच्या आठला घ्या म्हटलं तर उत्तर येतं, पोरांना शाळेत सोडायचं असतं.

एडिसनची_ताई: अहो खरंच असतं सोडायचं!! यात मला कशाला ओढताय?

हिंजवडीवाला: तुम्हाला नाही म्हटलं. पण दरवेळी आमच्याच जेवणाची वेळ का मोडायची?

फीनिक्सकर: आमच्या ॲरिझोनात घड्याळ बदलतच नाही (नवाहो आदिवासींचा भाग सोडून). ४५ डिग्रीत संध्याकाळी आणखी ऊन हवंय कोणाला. तरी सुटका नाही, जर्सीच्या नणंदेशी कधी दोन तासांचा फरक, कधी तीन, दरवेळी मोजूनच फोन करावा लागतो. आणि घड्याळ फिरवणं बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी ठरवा की कोणती वेळ ठेवायची. २०२२ ला सिनेटने कायम उन्हाळी वेळेचं बिल पास केलं, ते हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहात, अडकलं. झोपेचे डॉक्टर तर उलट सांगतात, कायम हिवाळी ठेवा.

एडिसनची_ताई: मग हिवाळी ठेवा. बाळ सहाला उठेल, पोरं उजेडात बसला जातील आणि यांचा कॉलही वर्षभर एका जागी राहील.

हिंजवडीवाला: एका जागी म्हणजे साडेसातलाच ना? बारा महिने?

एडिसनची_ताई: हो, ते खरं. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

जर्सीचा_जुना: हिवाळी ठेवली तर शाळेचा प्रश्न सुटतो, एवढं मान्य. पण जूनमध्ये साडेसातला अंधारायला लागणार, आमच्या शेवटच्या पाच ओव्हर गेल्या. मला नाही पटत. आणि दादा, तुमच्या आईचं वाचलं. माझ्या टीमचा कॉल असता तर आठला घेतला असता.

हिंजवडीवाला: तुमच्या टीममध्ये नाही ना मी. सोमवारपासून साडेसात. लॅपटॉप घरी नेतोय, साडेआठला दहा मिनिटं उठेन, ज्याला काय बोलायचं ते बोलू दे.