कलाकारांचे हक्क, अभिव्यक्ती स्वातंत्र्य यासाठी फंड कुठून मिळतो? (सोलापूर, हौशी ग्रुप)

विंगेतला_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आमचा सोलापुरात हौशी नाटकाचा ग्रुप आहे, कुणी चादरीच्या दुकानात, कुणी बँकेत, दोघं अजून कॉलेजात. मागच्या महिन्यात एका हॉलवाल्याने प्रयोगाच्या आदल्या दिवशी बुकिंग कॅन्सल केलं. कारण काय तर "फोन आलाय, विषय नाजूक आहे". कुणाचा फोन ते सांगेना. स्क्रिप्टला परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) सर्टिफिकेट होतं, तिकिटं गेली होती, नेपथ्याचा टेम्पो भरून तयार. डिपॉझिट अडकलं आणि वर लाइटवाल्याला पूर्ण नाईट (एका प्रयोगाचे पैसे) द्यावी लागली, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.
पुण्यातला एक मित्र म्हणतो युनेस्को अशा कामाला पैसे देतं, आशबर्ग की काय नाव आहे. खरंय का? आमचा ग्रुप रजिस्टर नाही. वकिलाची फी आणि बुडालेला खर्च निघाला तरी बास.

ऑडिटवाला_जुळेसोलापूर:
दादा, खरंय पण तुमच्या कामाचं नाही. युनेस्को-आशबर्ग हा प्रोग्रॅम आहेच, पण तो सरकारं आणि संस्थांसाठी, म्हणजे कलाकारांच्या बाजूचे कायदे, धोरणं व्हावीत, कलास्वातंत्र्यावर ट्रेनिंग व्हावं असल्या कामाला. दुसरा त्यांचा सांस्कृतिक विविधतेचा आंतरराष्ट्रीय निधी, २००५ च्या करारातून आलेला. भारत त्या करारात आहे त्यामुळे इथल्या संस्थेला अर्ज करता येतो, रक्कम १ लाख डॉलरपर्यंत. पण त्यातून कुणाचा बुडालेला प्रयोग भरून देत नाहीत, लाइटवाल्याची नाईट तर लांबच.
आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. बाहेरचा पैसा म्हटलं की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आडवा येतो. रजिस्ट्रेशनला संस्था किमान ३ वर्षं जुनी पाहिजे, मागच्या ३ वर्षांत १५ लाख खर्च केलेला पाहिजे, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचलाच. छोट्या ग्रुपचा तिथेच दम निघतो. पण युनो आणि तिच्या संस्था एफसीआरएच्या व्याख्येत "परकीय स्रोत" धरत नाहीत, म्हणजे युनेस्कोचा पैसा वेगळा आणि डेन्मार्क-अमेरिकेतल्या एखाद्या फाउंडेशनचा पैसा वेगळा. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.
रजिस्ट्रेशन नसेल तर बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स बघा, तिथे एकट्या माणसाला पण अर्ज करता येतो. फक्त ते नवीन कामाला, संशोधनाला देतात, कोर्टकचेरीला नाही.

तिसरी_घंटा:
ग्रँट घेतली की पुढच्या वर्षी रिन्यूअल डोक्यात ठेवून स्क्रिप्ट लिहिता, हे मी बघितलंय. आधी नाटक वर्गणीवर उभं राहतंय का बघा.
आणि पैशाने संरक्षण होतं हा गैरसमज काढा. चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेब आपल्याच जिल्ह्यातले, पंढरपूरचे. पैसा होता, नाव होतं, वकील एकाहून एक. २००८ ला दिल्ली हायकोर्टाने चित्रांवरून त्यांच्यावर झालेले खटले रद्द केले, निकाल तर वाचण्यासारखा आहे. तरी माणूस परत आला नाही, २०१० ला कतारचं नागरिकत्व घेतलं आणि पुढच्या वर्षी लंडनलाच वारला. मग तुमचं-आमचं काय ओ.

काळा_कोट:
घंटावाले, निराश करू नका पोरांना.
विंगेतले, तुमचा प्रश्न फंडाचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. कॅन्सलेशन लेखी आहे का? फोनवरचं "विषय नाजूक" कोर्टात कुणी धरत नाही. आधी मेल टाका, कारण विचारा, डिपॉझिट आणि झालेला खर्च मागा, लाइट-टेम्पोची बिलं जोडा.
सुप्रीम कोर्टाने १९८९ ला रंगराजन केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की निदर्शनांच्या धमकीला घाबरून अभिव्यक्ती दाबता येत नाही, संरक्षण देणं सरकारचं काम. २०१९ मध्ये एका बंगाली सिनेमाचे शो बंद पाडले म्हणून पश्चिम बंगाल सरकारला २० लाख भरपाई द्यायला लावली. पण ते सरकार विरुद्ध होतं. तुमच्याकडे समोर खासगी हॉलवाला, तिथे हा साधा कराराचा आणि सेवेतल्या कसुरीचा मामला. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी शून्य. समोरचा म्हणेल तिकीट लावलं म्हणजे धंदा, ग्राहक कसले. त्याची तयारी ठेवा.
वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि एससी-एसटी असतील तर उत्पन्नाची अटच नाही, बाकीच्यांना वर्षाला ३ लाखांच्या आत. ग्रुपमधल्या एखाद्या ताईंच्या नावाने बुकिंग होतं का?

बार्शीची_पोर:
सगळे हॉल आणि कोर्टावरच चाललेत. आमच्याकडे भारूड, लावणी, गोंधळ करणाऱ्यांचं बोला की. जत्रेत कुणीतरी मोबाईलवर अख्खा कार्यक्रम शूट करतो, चॅनेलवर टाकतो, व्ह्यूज त्याला आणि बाईला मिळते नुसती बिदागी. कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क आहे, ५० वर्षांचा, परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही. कुणी सांगायलाच जात नाही त्यांना. ५० च्या पुढच्यांना महिना ५ हजार मानधनाची राज्याची योजना आहे तिचे फॉर्म भरून द्यायला पण माणूस नाही. फंड मागायचाच तर ह्याला मागा. माझी मावशी दोन वर्षं झाली, पुरावा म्हणून जुन्या जत्रांची पत्रकं गोळा करतीये, बुरशी लागलेली.

ऑडिटवाला_जुळेसोलापूर:
ताई, हे मात्र प्रपोजलमध्ये बसतं. तालुक्या-तालुक्यात कलाकारांना कराराचा एक पानी मराठी नमुना आणि हक्कांची माहिती. विंगेतले, सात जण गोळा करून सोसायटी रजिस्टर करा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करा. तीन वर्षं नीट ऑडिट ठेवलं की पुढे बोलू.

विंगेतला_सोलापूरकर:
बुकिंग ताईच्याच नावाने होतं, पावती सापडली. मेल काल टाकला. आज सकाळी हॉलवाल्याचा स्वतःहून फोन, डिपॉझिट घेऊन जा म्हणाला. लाइटवाल्याच्या नाईटचं विचारलं तर मालकांशी बोलून सांगतो म्हणे.

काळा_कोट:
घेऊन या, पण "आता काही येणे बाकी नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. चेक किंवा यूपीआयने घ्या, रोख नको.