आबा झोपेत श्वास थांबवतात आणि मशीन लावत नाहीत. माजी सैनिकांची घोरण्याची तपासणी सक्तीची करावी का?

कोरेगावचा_पक्या
आमचे आबा, वय ६९, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, नंतर १२ वर्षं पुण्यात सिक्युरिटीला, बहुतेक नाईटच. घोरणं असं की लहानपणी गल्लीच्या तोंडाशीच कळायचं आबा सुट्टीवर आलेत. दिवाळीत त्यांच्याच खोलीत झोपलो तर घोरणं चाललंय चाललंय आणि मधेच एकदम चिडीचूप. मोबाईलवर मोजलं, २८ सेकंद काहीच नाही, मग पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला आणि कूस बदलून परत सुरू. आई पलीकडून म्हणते झोप रे, ते असंच असतं.

स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी केली, एएचआय ४१ आला. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास थांबला किंवा अडला, ३० च्या वर सिव्हिअर धरतात. बीपीच्या तीन गोळ्या चालू तरी वरचं १५० च्या खाली येत नाही. रात्री चारदा लघवीला उठायचे, त्यासाठी दोन वर्षं प्रोस्टेटच्या गोळ्या खाल्ल्या, घोरता का म्हणून एकाने विचारलं नाही. आता सीपॅप मशीन आलंय, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं, ११ रात्री वापरलं, सध्या टीव्हीखाली आहे आणि आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय.

माझं म्हणणं एवढंच की पेन्शनवाले वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतातच ना, तेव्हाच बीपी बघा, गळ्याचा घेर मोजा (जाड मानेच्या लोकांत हे जास्त दिसतं), घोरण्याचे चार प्रश्न विचारा, आणि सक्तीने विचारा, कारण ही माणसं स्वतःहून सांगणार नाहीत. पटतंय का?

रिटायर्ड_सुभेदार
नाही पटत. वडिलांना सुखाने झोपू द्या. आमच्या बरॅकमध्ये चाळीस जण झोपायचे, निम्मे घोरायचे, आणि सकाळी तेच पाच किलोमीटर पळायचे. ग्लेशियरवर तर सगळ्यांचाच श्वास अडायचा, रात्री दचकून उठून बसायचो, कुणाला काही झालं नाही. साठीनंतर माणसाला मशिनीत घातलं की काहीतरी सापडतंच. आधी शुगर, मग गुडघा, आता झोप पण राहिली नाही. सक्तीबिक्ती सोडा, सक्ती आम्ही तीस वर्षं बघितली.

झोपेचा_हिशेब
साहेब, मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रात्रभर लोकांच्या छातीला पट्टे बांधून स्क्रीन बघत बसायचं हेच काम, म्हणून बोलतो. ग्लेशियरवरचं प्रकरण वेगळं, तिथे हवा विरळ त्यामुळे श्वासाचा ताल मेंदूच चुकवतो, खाली उतरलं की बहुतेक वेळा जातं. पक्याच्या वडिलांचा प्रकार घशाचा आहे, झोपेत घसा सैल पडून नळी मिटते, छाती जोर लावते पण हवा आत जात नाही. आणि बरॅकमधली पोरं पंचविशीची होती, आता पोट वेगळं आणि मानही वेगळी.

लघवीचं पण सांगतो कारण हे प्रोस्टेटच्या नावावर फार खपतं. नळी बंद असताना छाती ओढत राहते, हृदयाच्या कप्प्यावर ताण येतो, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. मशीन नीट लागलं की चारचं एकदोनवर आलेलं मी बऱ्याच जणांत बघितलंय. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड आणि गोळ्यांना दाद न देणारं बीपी, एवढं एकत्र दिसलं की झोप तपासायलाच पाहिजे. हृदयाचे ठोके बिघडणं, पॅरालिसिस, हे पुढचे धोके.

पुरावा_दाखवा
थोडं थंड घ्या. २०१६ ला सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, २,७०० च्या वर लोक, आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक झालेले, वय ४५ ते ७५. अर्ध्यांना सीपॅप दिलं, अर्ध्यांना नाही, सरासरी साडेतीन वर्षांच्या वर पाठपुरावा, आणि हार्ट ॲटॅक, स्ट्रोक, मृत्यू यात फरक पडला नाही. मग घाबरवता कशाला? आणि सत्तरीच्या सगळ्यांची तपासणी केली तर सौम्य ॲप्निया, म्हणजे हाच झोपेत श्वास थांबण्याचा आजार, शेकड्याने सापडेल, त्यांना मशीन दिलं तर निम्मी कपाटात जातील. पक्याच्या घरी बघा, रुमाल घालून तयारच आहे.

झोपेचा_हिशेब
अभ्यास बरोबर सांगितलात, पण पुढचं वाक्य गाळलंत. त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तास लावलं होतं. अर्धी रात्र हेल्मेट घालून गाडी चालवायची आणि मग म्हणायचं हेल्मेटचा उपयोग नाही. शिवाय दिवसा फार झोप येणारे लोक त्यात घेतलेच नव्हते. हां, मशीनने हार्ट ॲटॅक टळतो अशी गॅरंटी मी पण देत नाही. घोरणं आणि दिवसाची झोप मात्र त्याच अभ्यासात सुधारली होती.

पुरावा_दाखवा
हे मान्य. दिवसा झोप येत असेल तर लावा, सगळ्यांना सक्ती नको, एवढंच माझं.

कोरेगावचा_पक्या
दिवसा झोप? आबांना नाईटला गेटवर डुलकी लागायची, एजन्सीने दोनदा पगार कापला होता. रात्री जागतो, दिवसा झोप पुरत नाही, म्हणून होतंय असंच आम्ही धरून चाललो. घरी येऊन आठ तास झोपायचे तरी जेवताना हातात घास तसाच. आम्ही हसायचो, आता लाज वाटते.

नेव्हीवाल्यांची_सून
जे कुणी बोलत नाहीये ते मी बोलते. कँटीनची रम. आमच्याकडे सासरे रोज झोपायच्या आधी दोन पेग, म्हणे त्याशिवाय झोप लागत नाही. अहो दारूने घसा अजून सैल पडतो, झोपेच्या काही गोळ्यांनी पण तसंच. डॉक्टरने मशीनच्या आधी पेग बंद करायला सांगितलं तर सासरे म्हणाले डॉक्टर बदला. 😀 त्यांना पाठीवर झोपलं की जास्त होतं म्हणून सासूबाईंनी जुन्या बनियनला मागून खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल घातला. घोरणं बरंच कमी झालं, पण आकडा कमी झाला की नाही ते परत टेस्ट केल्याशिवाय कळणार नाही.

डेट्रॉइटकर_देशपांडे
इकडे अमेरिकेत चित्र उलटं आहे. माजी सैनिकाला ॲप्निया नोकरीमुळे झाला किंवा नोकरीत सुरू झाला असं मान्य झालं आणि सीपॅप लागत असेल तर ५० टक्के अपंगत्व धरतात, त्यावर दरमहा पैसे. २०२२ ला हा नियम आवळायचा प्रस्ताव आला तर केवढी ओरड झाली. माझा शेजारी व्हिएतनामला जाऊन आलेला, टेस्टसाठी स्वतः मागे लागला होता. आपल्याकडे माणूस टेस्टपासून पळतो, कारण टेस्टमध्ये रोग निघाला तर फक्त कटकटच मिळणार.

रिटायर्ड_सुभेदार
म्हणजे पैसा आला की रोग आला. माझाच मुद्दा सिद्ध केलात.

डेट्रॉइटकर_देशपांडे
साहेब, पैशाने टेस्ट झाली, रोग आधीपासून होता. काही लोक फायदा उपटतात हे मात्र खरंय.

नेव्हीवाल्यांची_सून
पक्या, आबा मशीन का काढतात ते विचारलंस का? आवाजामुळे, नाक कोरडं पडतं म्हणून, का अजून काही?

कोरेगावचा_पक्या
विचारलं. आधी म्हणाले वारं लागतं. मग आई म्हणाली रात्री दोनला झटका देऊन मास्क ओढून काढतात आणि भिंतीला पाठ लावून बसतात, दिवा लावू देत नाहीत. आबा ८७ साली श्रीलंकेत शांतिसेनेत होते, त्यावर घरात कधी एक शब्द नाही. मी परवा परत विचारलं तर एवढंच म्हणाले, तोंडावर काही बांधलं की मला चालत नाही.

झोपेचा_हिशेब
हे आधी सांगायला पाहिजे होतंस. मग धाक दाखवून उपयोग नाही, उलट बिघडेल. दिवसा, जागेपणी, टीव्ही बघताना मास्क नुसता हातात द्यायचा, मग नाकाशी धरायचा, पट्टे न बांधता, पाच मिनिटं, दहा मिनिटं. पूर्ण तोंडाचा असेल तर बदलून नुसता नाकपुड्यांना लागणारा मिळतो का बघ. हवेचा जोर सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवायची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करून घे. आणि दचकून उठण्याबद्दल मानसोपचाराच्या डॉक्टरशी वेगळं बोल, ते मशीनने जाणार नाही.

रिटायर्ड_सुभेदार
पक्या, ८७ चं माहीत नव्हतं. वडिलांना माझा राम राम सांग. मास्क मी लावून देतो, माझ्यासमोर बसतील, फोन नंबर मेसेज कर.

सक्तीला माझा विरोध आहे तो आहेच. मिसेसने हे सगळं वाचून काल टेप घेऊन माझा गळा मोजला, ४३ सेंटिमीटर भरला. ४० च्या वर गेलं की काय म्हणतात तुमच्यात? त्याने काही सिद्ध होत नाही, पण विचारून ठेवतो.