'ओके' म्हणजे हो, की नुसतं वाचलं?

बी-५०२: नमस्कार. रविवारी बेडरूमच्या गळतीचे चार फोटो टाकले होते. सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'ओके'. आज बुधवार. ओके म्हणजे करतो, की वाचलं?

सेक्रेटरी: मॅडम, तेव्हा गाडी चालवत होतो. ओके म्हणजे ओके.

ए-१०३: लिफ्टच्या वेळी आम्हालाही हाच ओके मिळाला होता.

सेक्रेटरी: लिफ्ट चालू आहे ना काकू?

ए-१०३: दीड महिन्यानं झाली.

सी-२०१ (सर): या शब्दाचा इतिहास सांगण्यासारखा आहे. ओ.के. पहिल्यांदा छापलेलं सापडतं ते २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. तेव्हा तिकडच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग करून आद्याक्षरं छापायची टूम होती. 'ऑल करेक्ट'मधल्या ए चा ओ केला, सी चा के. टूम ओसरली, पण १८४० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. किंडरहूक गावचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी ओ.के. क्लब काढले. ते हरले, शब्द राहिला.

ए-४०४: सर, मूळ अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींचं ना? असं ऐकलंय.

सी-२०१ (सर): तोही एक तर्क होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन त्यावरूनच शेवटी ईएच लावून 'okeh' असं लिहीत. पण भाषेचे अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून बॉस्टनचा पुरावा मांडला. बहुतेक अभ्यासक आता तेच मानतात.

बी-५०२: सर, मनापासून आभार. म्हणजे मुळात अर्थ 'सगळं बरोबर'. माझ्या पलंगाशेजारी बादली आहे. सगळं बरोबर नाही. करतो, की वाचलं?

ए-१०३: आमचा नातू भाजीला 'ओके' म्हणाला, की समजायचं डबा परत येणार 😄

ए-४०४: गेटसमोर पांढरी गाडी कुणाची? दुधवाला आत येऊ शकत नाही.

सी-३०२: माझी. पाच मिनिटं.

ए-४०४: कालही पाचच मिनिटं होती.

बी-५०२: कृपया विषय भरकटवू नका. करतो, की वाचलं?

सेक्रेटरी: मॅडम, मी हे काम बिनपगारी करतो. रोज चाळीस मेसेज येतात. प्रत्येकाला निबंध कसा लिहू?

सी-२०१ (सर): निबंध नको रे. साहेबानं कागदावर ओके लिहिलं, की मंजुरी असते. फोनवर आपण ओके म्हणतो, की बोलणं संपलं. तू दुसरं म्हणालास, तिनं पहिलं ऐकलं. पुढं वार आणि वेळ लिहीत जा, बास.

ए-१०३: अगदी बरोबर सर 🙏

सेक्रेटरी: उद्या सकाळी ११ ला प्लंबर येईल. आधी ६०२ चं बाथरूम बघेल, मग तुमचं. मॅडम, मी रविवारीच हे लिहायला हवं होतं.

बी-५०२: धन्यवाद. चावी वॉचमनकडे ठेवते. बाळ १२ ला झोपतं, ठोकाठोक त्याआधी उरकली तर बरं.

६०२: आम्ही घरीच आहोत.