पापण्या जांभळट, दंडांत बळ नाही: दुखणे एकच असेल का?

प्रश्न (देवगड): माझ्या आईचे वय 58 आहे. तीन महिन्यांपासून तिच्या पापण्या जांभळट दिसतात आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर, खवलेदार उंचवटे आहेत. आमसुले वाळत घालायला उन्हात बसली की ते वाढतात. नायट्याचे मलम लावून झाले, परंतु आता तिला फडताळावरचा डबा काढणे आणि पाटावरून उठणेही जमत नाही. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर 1: असू शकतो. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर व स्नायूंवर उलटते आणि खांदे व मांड्या आधी दुबळ्या होतात. संधिवाततज्ज्ञांना दाखवा, रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे द्रव्य) तपासा, मात्र ते प्रमाणात आले म्हणून निर्धास्त राहू नका. घास अडकतो का, दम लागतो का, हे आईंना आजच विचारा.

उत्तर 2: माझ्या वहिनींना हाच आजार आहे. त्यावरच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजला म्हणून त्यांनी त्या मनानेच बंद केल्या आणि अंथरूण धरले. कृपया तसे होऊ देऊ नका. प्रौढ वयात यामागे कधी कधी कर्करोग दडलेला असतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या त्यासाठीच्या तपासण्याही टाळू नयेत.

प्रश्नकर्ता: विचारले. पेजसुद्धा घशात अडकते म्हणाली. गाडी सांगितली आहे, आत्ताच बांबोळीला, गोव्याच्या सरकारी रुग्णालयात निघतो.