लासलगावला एकदा पोरांना न्याच

कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे पीपीटी, समोसा आणि ग्रुप फोटो, असं म्हणतात ते पटलंच. पण मॅनेजमेंटवाल्या पोरांना एकदा नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या कांदा मार्केटला नेऊन बघा, आम्ही कॉलेजात असताना गेलो होतो. ट्रॅक्टरच्या रांगा लागलेल्या, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येऊन कांदा हातात घेऊन बघतात, क्विंटलवर बोली लागते आणि मिनिटभरात भाव फायनल, ज्याने महिनोन्महिने पीक सांभाळलं तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता ऐकतोय. मग वजनकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या माल उतरवायच्या आवारात, माल ओतायचा, आणि आत माल वेगळा निघाला की वांधा! क्वालिटी डिस्प्युट वगैरे तिथंच कळतं राव.

कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, उन्हाळी कांदा ठेवायचा तर वजन घटतं, सडतो, म्हणजे भाव वाढेपर्यंत थांबणंही फुकट नसतं. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने निर्यातीवर ४०% शुल्क लावलं तेव्हा त्याच्या निषेधात नाशिक जिल्ह्यात लिलावच बंद पडले होते, पॉलिसी रिस्कला याहून चांगली केस स्टडी कुठली देणार?

फक्त सकाळी लवकर पोचा, आणि सरांना म्हणावं पोरांना हमालांशी आणि वजन करणाऱ्या मापाऱ्यांशीपण बोलू द्या.